धन्याचे गुपित, नोकराचा पश्चात्ताप



एखाद्या कादंबरीचे कथाबीज असे असावे की पहिल्या पन्नास पानांत वाचकाने जेवणखाण विसरावे, आणि शेवटचे पान उलटल्यावर मात्र पुस्तक मिटून मनाशी म्हणावे, 'एवढ्यासाठी का हा सारा खटाटोप?' हा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना आला असेल. साधारण पुस्तकाने असा विरस केला तर आपण ते वाचनालयात परत करतो आणि विसरून जातो. विल्यम गॉडविन या इंग्रज लेखकाच्या 'केलेब विल्यम्स' या कादंबरीने केलेला विरस मात्र विसरता येत नाही, कारण त्यात इतिहासाचा एक मोठा प्रश्न अडकलेला आहे. ही कादंबरी २६ मे १७९४ रोजी लंडनमध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. मनातील संशय, भय आणि अपराधाची टोचणी यांवर रचलेल्या रहस्यकादंबऱ्यांची जी परंपरा पुढे युरोप-अमेरिकेत फोफावली, तिच्या मुळाशी अनेक अभ्यासक हिलाच बसवतात. पहिल्या आवृत्तीचे नाव होते 'थिंग्ज ॲज दे आर', म्हणजे 'वस्तुस्थिती जशी आहे तशी'. केलेबचे नाव त्याच्याखाली, उपशीर्षकात होते. पुढे केलेबचे नाव वर आले आणि वस्तुस्थिती खाली गेली. त्या अदलाबदलीतही थोडा इतिहास आहेच.

आधी कथा सांगतो. केलेब हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा. अठराव्या वर्षी पोरका होतो आणि गावच्या फॉकलंड नावाच्या जमीनदाराकडे चिटणीस म्हणून नोकरीस लागतो. धनी विद्वान, दानशूर, बोलण्यात मृदू. पण मधूनच त्याला वेडाचे झटके आल्यासारखे होते. एके दिवशी केलेब नकळत एका खोलीत शिरतो, तेव्हा धनी एका पेटीचे झाकण घाईघाईने बंद करताना दिसतो आणि त्याच्यावर वाघासारखा धावून येतो. घरचा जुना कारभारी मग केलेबला पूर्वीची हकीकत सांगतो. शेजारी टिरेल नावाचा एक दांडगा जमीनदार होता. त्याने नात्यातल्या आश्रित बहिणीला कर्जाच्या दाव्यात तुरुंगात धाडून तिचा जीव घेतला, हॉकिन्स नावाच्या एका कुळाला देशोधडीला लावले, आणि भरसभेत फॉकलंडला लाथाबुक्क्यांनी तुडवले. त्याच रात्री टिरेलचा खून झाला. फॉकलंड निर्दोष ठरला. पुढे हॉकिन्स आणि त्याचा मुलगा यांच्याविरुद्ध पुरावा सापडला आणि बापलेक फासावर गेले.

केलेबच्या मनात संशयाचा किडा शिरतो. तो धन्याकडे पाहत राहतो. धन्यालाही कळते की हा पोरगा आपल्याकडे पाहतो आहे. दोन माणसे एका छपराखाली एकमेकांवर पाळत ठेवून आहेत, एक पगार देणारा आणि एक घेणारा. आणि दिवसेंदिवस कोण कोणाच्या ताब्यात आहे हेच कळेनासे होते. ही पाने गॉडविनने अशी लिहिली आहेत की आजही वाचताना छाती धडधडते. शेवटी धनीच केलेबला शपथ घालून कबुली देतो: खून मी केला, आणि ते दोघे निरपराध माझ्यासाठी फाशी गेले. आता तू हे जाणतोस, म्हणून जन्मभर तू माझा. पळालास तर जगाच्या पाठीवर कोठेही तुला थारा मिळू देणार नाही.

श्रोतेहो, हे कथाबीज किती मोलाचे आहे पाहा. नेहमीच्या रहस्यकथेत गुन्हेगार पळतो आणि कायदा त्याच्या मागे लागतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय आणि काळापहाड यांच्या कथा वाचून लोकांनी रात्री जागवल्या. तेथेही शेवटी गुन्हेगार कोण हे कळले की सारे सुरळीत होते. येथे गुन्हेगार कोण हे पुस्तक अर्धे होण्याच्या आतच कळते. पळतो तो निरपराध नोकर, आणि पाठलाग करणाऱ्या धन्याच्या हाती कायदा, मॅजिस्ट्रेट, तुरुंग आणि वर्तमानपत्र ही सारी साधने आहेत. खून कोणी केला हा प्रश्न संपतो आणि दुसरा सुरू होतो: खरे काय ते ठाऊक असलेल्या गरीब माणसाने त्या खऱ्याचे करायचे काय?

यातली भीती कल्पनेतून आलेली नव्हती. १७२३ सालचा ब्लॅक ॲक्ट म्हणून एक कायदा इंग्लंडात होता. जमीनदारांची हरणे मारणाऱ्यांसाठी तो केला गेला, आणि तोंड काळे करून वा झाकून फिरणे हेही त्याखाली फाशीचे कारण होऊ शके. कादंबरीत हॉकिन्सचा तरुण मुलगा काय करतो? जमीनदाराने अडवलेल्या वाटेवरची कुलुपे रात्री तोडतो, आणि त्या वेळी त्याच्या कोटाची कॉलर तोंडावरून लावलेली असते. एवढ्यावर त्याला या कायद्यात अडकवतात. नोकराने धन्याला मारले तर तो साधा खून नव्हे, 'छोटा राजद्रोह' मानला जाई, आणि हे कलम १८२८ पर्यंत टिकले. कामगाराने करार मोडला तर तो गुन्हा, मालकाने मोडला तर फक्त दिवाणी दावा, ही विषमता तर इंग्लंडात १८७५ पर्यंत चालू होती. तोच न्याय १८५९ च्या कायद्याने आपल्याकडे आला आणि १९२५ साली तो रद्द करण्याचा कायदा होईपर्यंत आपल्या मजुरांच्या मानेवर बसला होता.

आणखी एक गोष्ट. त्या काळच्या इंग्लंडात घरनोकराला पूर्वीच्या धन्याकडून वर्तणुकीचा दाखला आणावा लागे, आणि इंग्रजीत त्या दाखल्याला 'कॅरेक्टर' असेच म्हणत. म्हणजे माणसाचे शील धन्याच्या सहीने ठरे! खोटे दाखले देणाऱ्यांना दंड करणारा कायदा १७९२ साली, कादंबरीच्या दोनच वर्षे आधी, झाला. फॉकलंड नेमके हेच हत्यार वापरतो. केलेब नोकरी सोडू लागताच त्याच्या ट्रंकेत धन्याचे दागिने सापडतात. तो चोर ठरतो, तुरुंगात जातो, तेथून पळतो, दरोडेखोरांत राहतो, भिकाऱ्याचे आणि ज्यूचे सोंग घेतो, लंडनमध्ये मासिकांसाठी चोरांच्या कथा लिहून पोट भरतो. त्याच्या मागे जाइन्स नावाचा टोळीतून हाकललेला चोर लावून दिलेला असतो. केलेब जेथे जाईल तेथे जाइन्स त्याच्या 'चरित्रा'चे अर्ध्या पेनीचे चोपडे पोचवतो. त्याला कोणी मारीत नाही. शेजारी फक्त बोलायचे थांबतात, आणि काम मिळायचे थांबते.

हे प्रकरण वाचताना मी पुस्तक खाली ठेवले होते. माझी शाळा आठवीत सुटली; इंग्रजी मी शिकलो ते नोटिसा, चार्जशीट आणि कोर्टाची निकालपत्रे वाचता वाचता. त्यामुळे वाङ्मयाचे बारकावे मला कमी कळतात. पण काळी यादी कळते. एका कारखान्यातून संघटनेपायी काढलेला फिटर त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कारखान्याच्या गेटवर जातो, हात चांगला चालतो म्हणून त्याला उद्या या असे सांगतात, आणि उद्या गेल्यावर जागा भरलेली असते. कोणी कारण सांगत नाही. सहा महिन्यांनी त्याची बायकोच त्याला विचारू लागते, 'तुम्ही खरेच काही केले नाही ना?' ती घडी गॉडविनने सव्वादोनशे वर्षांपूर्वी ओळखली होती, याचे मला फार नवल वाटते.

आता हा गॉडविन कोण? १७५६ साली जन्मलेला, सरकारी चर्च न मानणाऱ्या पंथाच्या धर्मोपदेशकाचा मुलगा. स्वतःही काही वर्षे उपदेशक होता. मग श्रद्धा उडाली आणि लेखणीवर जगू लागला. फेब्रुवारी १७९३ मध्ये, म्हणजे फ्रान्सशी युद्ध सुरू झाले त्याच महिन्यात, त्याचा 'पोलिटिकल जस्टिस' हा ग्रंथ निघाला. सरकार, शिक्षा आणि खाजगी मालमत्ता यांवर त्यात हल्ला होता. टॉमस पेनच्या स्वस्त पुस्तकावर खटला भरणाऱ्या सरकारने यावर भरला नाही. एक पौंड सोळा शिलिंगांचा ग्रंथ गरिबाच्या हाती कशाला पडतो, असा हिशेब त्यामागे होता अशी आख्यायिका आहे. गरिबांनी वर्गणी काढून तो विकत घेतला आणि एकाने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा, असा तोडगा काढला असेही सांगतात. तीच शिकवण कथेच्या रूपाने सर्वांपर्यंत न्यावी म्हणून त्याने कादंबरी लिहायला घेतली.

ती त्याने कशी लिहिली हे त्याने १८३२ साली स्वतःच सांगून ठेवले आहे. आधी तिसरा भाग कल्पिला, पाठलागाचा. मग असा पाठलाग होण्याजोगे गुपित हवे म्हणून दुसरा. आणि असे गुपित बाळगणारा थोर मनाचा धनी हवा म्हणून पहिला. सुरुवातीला कथा 'तो' म्हणून लिहीत होता, ती टाकून 'मी' धरला. एका जुन्या मित्राने हस्तलिखित वाचून जाळून टाकावेसे वाटल्याचे कळवले, तेव्हा दोनतीन दिवस त्याचा हात चालेना. शेवटाकडून आरंभाकडे येण्याच्या या रीतीची गोष्ट डिकन्सने पो या अमेरिकन लेखकाला कळवली, आणि पोने १८४६ साली आपल्या लेखनकलेवरील निबंधाची सुरुवातच तिने केली. पुढे सगळ्या हेरकथा याच रीतीने रचल्या जाऊ लागल्या.

आणि गंमत अशी, की शेवटाकडून रचलेल्या या कादंबरीला शेवटच सापडला नाही!

लहानसहान दोष सोडून देऊ. पहिला भाग कारभाऱ्याच्या तोंडून फार लांबतो. योगायोग पुष्कळ आहेत. त्या पेटीत काय होते हे कधीच कळत नाही. काहींना त्यात खोली दिसते, मला तर लेखक विसरला असे वाटते. खरा विरस पुढे आहे. केलेब शेवटी शपथ मोडून मॅजिस्ट्रेटसमोर धन्यावर खुनाचा आरोप करतो. फॉकलंडला खुर्चीत घालून आणतात. तो मरणाच्या दारात असतो. त्याला पाहून केलेब विरघळतो. आरोप करता करता धन्याचेच गुणगान करतो, स्वतःला दोष देतो. ते ऐकून फॉकलंड त्याला मिठी मारून सर्व कबूल करतो आणि तीन दिवसांनी मरतो. मग केलेब म्हणू लागतो, की खुनी मीच. मी त्याच्याशी एकांतात मनमोकळेपणे बोललो असतो तर त्याने माझे नक्की ऐकले असते.

तीन भाग आपण काय वाचले? हा धनी दोन निरपराधांना फाशी जाऊ देतो. नोकराच्या ट्रंकेत चोरीचा माल घालतो. वर्षानुवर्षे एका माणसाला शिकारी कुत्र्यासारखा मागे लावतो. आणि शेवटी नोकराने म्हणायचे, की माझ्या बोलण्यात प्रेम कमी पडले! फासावर गेलेल्या हॉकिन्स बापलेकांसाठी त्या शेवटच्या पानांत अश्रूही उरत नाही.

पण याआधी एक दुसरा शेवट लिहिलेला होता. गॉडविनचे हस्तलिखित लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १९६६ साली एका अभ्यासकाने त्यातील मूळ शेवटाकडे लक्ष वेधले आणि १९७० च्या ऑक्सफर्ड आवृत्तीत तो छापलाही गेला. त्यात फॉकलंड आरोप नाकारतो, मॅजिस्ट्रेट केलेबलाच धुडकावतो, त्याला कोंडतात, आणि त्याचे मन हळूहळू तुटत जाऊन वाक्येही तुटू लागतात. हा शेवट गॉडविनने एप्रिल १७९४ च्या अखेरीस लिहिला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात बदलला. बहुतेक समीक्षक बदललेला शेवट अधिक सखोल मानतात. धनी आणि नोकर दोघेही एकाच समाजरचनेचे बळी आहेत हे त्यातून दिसते, असे त्यांचे म्हणणे. म्हणणे ऐकण्याजोगे आहे, पण मला पटत नाही. दोघे बळी असले तरी एक मखमली खुर्चीत बळी आहे आणि दुसरा बेड्यांत.

मग त्याने शेवट बदलला का? भ्याला, असे कोणी म्हणेल. काळ तसा होताच. १२ मे १७९४ रोजी सरकारने धरपकड सुरू केली. त्याच महिन्यात विनाचौकशी कोंडून ठेवण्याची मोकळीक देणारा कायदा झाला. आणि नेमकी १२ मेचीच तारीख असलेली कादंबरीची प्रस्तावना प्रकाशकांनी घाबरून गाळली, ती १७९५ सालानंतर छापली गेली. पण शेवट बदलला तो या धरपकडीच्या आधी. शिवाय गॉडविन भित्रा नव्हता, ते पुढे येईलच. उत्तर मला दुसरीकडे सापडते.

जोसेफ जेराल्ड नावाचा एक सुधारक एडिंबरोच्या परिषदेस प्रतिनिधी म्हणून गेला, म्हणून त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. जानेवारी १७९४ मध्ये गॉडविनने त्याला एक पत्र लिहिले. सल्ला असा, की ज्यूरीशी राग न धरता, निर्मळपणे, सद्भावाने बोल. सत्य अंतःकरणापर्यंत पोचल्यावाचून राहणार नाही. जेराल्ड खरोखरच सुंदर बोलला. मार्चमध्ये त्याला चौदा वर्षे काळ्यापाण्याची शिक्षा झाली, आणि मार्च १७९६ मध्ये तो ऑस्ट्रेलियात क्षयाने मेला. शिक्षेनंतर दीडएक महिन्यात गॉडविनने पहिला शेवट लिहिला: सत्य बोललेला माणूस कोंडला जातो. म्हणजे डोळ्यांनी पाहिले तेच लेखणीतून उतरले. पण मग त्याचे तत्त्वज्ञान आडवे आले. सत्य निर्मळपणे सांगितले तर बलवंताचेही हृदय पालटते, हा त्याच्या साऱ्या ग्रंथाचा पाया. म्हणून जेराल्डला कोर्टात जे मिळाले नाही ते त्याने केलेबला कादंबरीत दिले. वस्तुस्थिती जशी आहे तशी सांगायला निघालेला लेखक शेवटच्या पानांवर ती जशी हवी होती तशी सांगू लागला.

याला आणखी एक अंग आहे. केलेब पुस्तकभर एकटा आहे. तुरुंगात त्याला खटल्याची वाट पाहत मरून जाणारा शिपाई भेटतो. धन्याच्या घरचे नोकर, हॉकिन्सचे दुर्दैव पाहिलेली गावची कुळे, सारी आहेत. पण दोन माणसांनी जवळ बसून आपले दुःख ताडून पाहावे, असे एकदाही घडत नाही. जुन्या कारभाऱ्यालाही केलेब खरे सांगू पाहतो आणि मग त्याच्या म्हातारपणाकडे पाहून थांबतो. गॉडविनला संघटना मान्यच नव्हती. चार माणसे जमली की विचार मरतो आणि गोंगाट उरतो, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यामुळे त्याच्या नोकरापुढे दोनच वाटा उरतात: वेड लागणे, नाहीतर धन्याच्या पायांशी पश्चात्ताप.

तिसरी वाट त्याच्याच शहरात, पायी जाण्याइतक्या अंतरावर होती. टॉमस हार्डी नावाच्या एका चांभाराने (कादंबरीकार हार्डी नव्हे, तो पुढच्या शतकातला) जानेवारी १७९२ मध्ये नऊ माणसे एका खानावळीत जमवली आणि 'लंडन करस्पाँडिंग सोसायटी' काढली. वर्गणी आठवड्याला एक पेनी. मागणी प्रत्येक पुरुषाला मताची. १२ मे १७९४ ला जो पहिला धरला गेला तो हाच. त्याच्यावर राजाच्या मृत्यूचे चिंतन केल्याचा, म्हणजे देहान्ताच्या शिक्षेचा आरोप ठेवला. तो कोठडीत असताना जमावाने त्याच्या घरावर हल्ला केला; ऑगस्टमध्ये त्याची गरोदर बायको बाळंतपणात मेली. आपल्याकडे १९२९ साली मीरतच्या खटल्यात कामगार पुढाऱ्यांवर बादशहाचे राज्य हिरावण्याच्या कटाचा आरोप झाला, त्याची ही जुनी भावंडे होत.

येथे गॉडविनचे ऋण मान्य केलेच पाहिजे. सरन्यायाधीश आयर यांनी २ ऑक्टोबरला ग्रँड ज्यूरीपुढे भाषण करून राजद्रोहाचा अर्थ वाटेल तसा ताणला. २१ ऑक्टोबरच्या 'मॉर्निंग क्रॉनिकल'मध्ये गॉडविनने निनावी लेख लिहून त्या भाषणाच्या चिंध्या केल्या: कायद्यात नसलेला गुन्हा न्यायाधीशाने अर्थ ताणून निर्माण करता कामा नये. अर्स्किन या वकिलाने कोर्टात तीच बाजू लढवली. ५ नोव्हेंबरला ज्यूरीने हार्डीला निर्दोष सोडले. त्यानंतर हॉर्न टूक आणि थेलवॉलही सुटले, आणि गॉडविनचा जिवलग मित्र हॉलक्रॉफ्ट खटल्याशिवाय मोकळा झाला. कोणाचेही हृदय पालटले नव्हते. पंतप्रधान पिट यांचे तर मुळीच नाही. बारा सामान्य गृहस्थांपुढे पुरावा ठेवला गेला, वकील उभा राहिला, वर्तमानपत्राने जागा दिली, आणि कोर्टाबाहेर हजारो माणसे पावसात उभी होती.

तरी पुढल्याच वर्षी गॉडविनने एका पुस्तिकेत सरकारच्या दडपशाहीच्या विधेयकांबरोबर हार्डीच्या संस्थेवर आणि थेलवॉलच्या जाहीर व्याख्यानांवरही ठपका ठेवला. थेलवॉलशी मैत्री तुटली. १७९९ साली त्या संस्थेवर नाव घेऊन बंदी आली, आणि त्याच वर्षी कामगारांनी एकत्र येणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तो १८२४ पर्यंत टिकला.

कादंबरी मात्र खपत राहिली. १७९६ साली जॉर्ज कोलमनने तिचे 'द आयर्न चेस्ट' नावाचे नाटक केले. त्यात पेटी राहिली, धन्याची तळमळ राहिली. राज्यव्यवस्थेवरचा आरोप काढून टाकला. पहिला प्रयोग पडला, पण १८१६ साली कीन या नटाने तेच नाटक गाजवले.

१८३२ साली गॉडविनने कादंबरीच्या जन्माची जी हकीकत लिहिली, तिच्यात रचनेच्या युक्त्या फार आणि १७९४ सालचे राजकारण फार थोडे आहे. पुढल्या वर्षी सरकारने त्याला वार्षिक दोनशे पौंडांची एक नावापुरती नोकरी दिली. हार्डी १८३२ च्याच ऑक्टोबरात वारला. त्याच्या आत्मचरित्रात तो सुटल्याच्या दिवसाची हकीकत आहे: लोकांनी गाडीचे घोडे सोडले, गाडी स्वतः ओढली, त्याच्या रिकाम्या घरापाशी क्षणभर स्तब्ध उभे राहिले आणि मग त्याला बायकोच्या थडग्याकडे नेले. ते आत्मचरित्र त्याने बहुतेक 'तो' म्हणून लिहिले आहे. 'मी' हा शब्द पुन्हा पुन्हा यावा हे त्याला बरे वाटत नव्हते.